ऐनवेळचा विषय

आमच्या उत्तरेश्वरची पीएच.डी. झाली त्या दिवशी टेम्पो मीच चालवत होतो, म्हणून हे सगळं मला नीट सांगता येतं. गावात विचाराल तर प्रत्येक जण आपल्या परीनं मीठमसाला लावेल. खुद्द उत्तरेश्वरला विचाराल तर तो चहा घेणार का म्हणून विषय बदलेल.

उत्तरेश्वर आणि मी एका वर्गातले. बारावीनंतर तो पुस्तकांत शिरला आणि मी स्टेअरिंगवर बसलो. आमचं गाव मांजरसुंब्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. गावात सहकारी दूध संस्था होती, तिला सगळे डेअरी म्हणत. रोज सकाळी डेअरीतले दुधाचे कॅन शीतकरण केंद्रावर पोचवायचं काम माझ्या टेम्पोकडे होतं. २०१२ सालच्या दुष्काळात लोकांनी जनावरं विकली, कॅन अर्धे राहायला लागले, आणि एवढ्याशा दुधासाठी फेरी परवडत नाही असं वरून कळवण्यात आलं. शटर खाली आलं ते आलंच. मी टेम्पोत कडबा, कांदा, लग्नाचं वऱ्हाड, जे मिळेल ते भरायला लागलो.

डेअरी चालू होती तेव्हा तिची दरवर्षी सर्वसाधारण सभा व्हायची, मारुतीच्या पारावर. विषय एकामागून एक वाचले जायचे, 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर व्हायचे, आणि शेवटी यायचा तो विषय सगळ्यांना पाठ होता: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. ह्या विषयावर कुणीही सभासद उठून काहीही विचारू शकतो आणि अध्यक्षाला उत्तर द्यावंच लागतं. आमच्याकडे तो विषय म्हणजे भिवराबाई.

भिवराबाई ही उत्तरेश्वरची भावकीतली चुलती, घराला घर लागून. तिच्याकडे गाय एकच, पण बोलायला गोठाभर जनावरं असल्यासारखी बोलायची. फॅट कावून कमी लागली, मापाला पोचा कावून पडलाय, पेंड कुठं गेली. अध्यक्ष बबनराव बिचारे शेवटचा विषय वाचायच्या आधीच घाम पुसायचे आणि म्हणायचे, "बोला भिवराबाई." पण उत्तर द्यायचे. खोटं का होईना, द्यायचे. डेअरी बंद पडली तेव्हा सगळ्यात जास्त तीच हळहळली, कारण डेअरी होती तोवर ती आणि तिचा नवरा शहादेवकाका ऊसतोडीला जात नव्हते. बंद पडली आणि दसरा झाला की दोघांचा कोयता पुन्हा कारखान्याच्या वाटेला लागला. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात आमच्याकडे. काकाची कंबर त्या मोळ्यांनी गेली.

उत्तरेश्वरनं पीएच.डी.ला विषय घेतला तो हाच. नाव भलंमोठं होतं: अवर्षणप्रवण क्षेत्रातील सहकारी दूध संस्थांचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ बीड जिल्हा. मला त्यातलं 'विशेष संदर्भ' फार आवडलं. वाटलं, चला, आपला कुणीतरी विशेष संदर्भ घेतला.

मग तो प्रश्नावली घेऊन हिंडायला लागला. दिंद्रुडला, उमापूरला, पार गोदाकाठपर्यंत जाऊन आला, मग आपल्या गावात. दुपारी यायचा, कारण दुपारी माणसं घरी भेटतात. भिवराबाईच्या ओसरीवर बसून त्यानं विचारलं, "दूध संस्थेच्या कामकाजाबाबत आपण समाधानी होता काय? पूर्णतः, अंशतः की मुळीच नाही?"

भिवराबाई सुरू झाली. गाईचं नाव, तिच्या आईचं नाव, कोणत्या साली वासरू दगावलं, मापाच्या पोच्याचा सगळा इतिहास. ऐकून घेतलं त्यानं, खोटं कशाला बोलू. मग 'अंशतः' वर टिक मारली.

"काकू, तुमच्या समद्या अडचणी मी शिफारशीत घेतो," तो उठता उठता म्हणाला.

इथंच सगळा घोळ झाला. आमच्या भागात शिफारस म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढारी फोन उचलतो, 'आपला माणूस आहे' म्हणतो आणि काम होतं. शिफारस झाली म्हणजे काम झालंच. उत्तरेश्वरच्या लेखी शिफारशी म्हणजे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. निष्कर्ष झाले की शिफारशी लिहायच्या, शिफारशी झाल्या की संदर्भसूची. भिवराबाईला त्यानं प्रकरण सांगितलं आणि तिनं फोन ऐकला.

वर्षं गेली. तो विद्यापीठाच्या गावी खोली करून राहिला. मार्गदर्शक सरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढपी म्हणून राबला, चर्चासत्रांत निबंध वाचले, एकच निबंध तीन नावांनी वाचला असं तो स्वतःच हसत सांगायचा. गावात आला की भिवराबाई विचारायची, "कुटवर आलंय रं?" तो म्हणायचा, "शिफारशीपर्यंत आलंय काकू." ती सगळ्या आळीत सांगत सुटायची.

२०१८ साल. पाऊस पुन्हा रुसला. श्रावणातच रानं करपली. मुकादम ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटायला गावात आला आणि दारोदार फिरला. भिवराबाईनं त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं.

"औंदा आमी न्हाई यायचो. आमच्या उत्तरेश्वरची परीक्षा हाय दसऱ्याच्या आदी. झाली की डेअरी सुरू व्हती. शिफारस केलीय त्यानं."

शहादेवकाका आतून म्हणाला, "आगं, घेऊन तर ठेव उचल."

"घेतली की जावं लागतं," ती म्हणाली. "अन् तुमची कंबर?"

मुकादमानं त्यांचं नाव सोडून टोळी भरली. मी हे पाहत होतो आणि मलाही वाटत होतं, काय सांगावं, होईलही. डेअरी सुरू झाली तर माझी फेरी सुरू होणार होती. माणसाला आपल्या फायद्याचं लवकर पटतं.

परीक्षा, म्हणजे ती तोंडी, दसऱ्याच्या आठवडाभर आधी होती. खुली असते, कुणीही येऊ शकतं, असं उत्तरेश्वर सहज बोलून गेला. त्याला वाटलं चारदोन जण येतील. माझा टेम्पो भरला. बबनराव फेटा बांधून पुढं बसले. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली. भिवराबाईनं ओवाळायचं ताट पदराखाली धरलं होतं आणि खड्ड्यागणिक मला शिव्या देत होती.

विद्यापीठात पोचलो तर उत्तरेश्वर नवा कोट घालून पळत होता. प्रबंधाची नाही, जेवणाची काळजी. बाहेरून आलेल्या परीक्षकांना कोणती भाजी चालते, शाल कुठं राहिली, नारळ आणला का. आम्हाला बघून त्याचा चेहरा पडला. आनंदानं असा चेहरा पडत नाही. तो हळूच मला म्हणाला, "राम्हरी, कावून आनलंस बे एवढ्यांना?"

मी म्हटलं, "तूच म्हनलास की खुली हाय."

बसलो मागच्या खुर्च्यांवर. पडद्यावर आकडे, तक्ते, रंगीत गोल. त्यातल्या एका गोलात आमच्या गावाची फोड होती असं बबनराव सगळ्यांना सांगत होते. शेवटी पडद्यावर शिफारशी आल्या तेव्हा भिवराबाईनं मला कोपरानं ढोसलं. बंद संस्थांचे पुनरुज्जीवन करण्यात यावे. शीतकरण केंद्रांची संख्या वाढविण्यात यावी. महिला सभासदांना प्राधान्य देण्यात यावे. मी तिला एकेक वाचून दाखवली. तिनं दर वाक्याला मान हलवली.

परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारले, सोपेच. मग अध्यक्षस्थानी बसलेले सर फायली आवरत म्हणाले, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचे असल्यास विचारावे." ते म्हणतानाच अर्धे लोक उठले होते, जेवणाचा वास येत होता. हे वाक्य तिथं म्हणायचं म्हणून म्हणतात. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लेखी तो ऐनवेळचा विषय होता.

भिवराबाई उभी राहिली. पदर नीट केला.

"मा. अध्यक्षसाहेबांच्या परवानगीनं," ती म्हणाली, अगदी पारावरच्यासारखी. "मी भिवराबाई शहादेव, सभासद. ह्या लेकरानं मला लई सवाल इचारले, मी समद्यांचे जवाब दिले. आता माजा येकच हाय. ही शिफारस कुनाकडं केलीय? अन् डेअरी कवा सुरू व्हनार? मी मुकादमाला न्हाई म्हनून बसलेय."

सगळे थांबले. उठलेले बसले. बाहेरून आलेले परीक्षक हसले, बरं हसले, कुत्सित नाही. म्हणाले, "फार छान प्रश्न आहे. द्या उत्तर."

उत्तरेश्वर माईकजवळ उभा. आधी तिच्याकडे पाहिलं, मग मार्गदर्शक सरांकडे. सर ओठांतल्या ओठांत म्हणाले, "मर्यादा, मर्यादा." उत्तरेश्वरनं घसा साफ केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलला.

"सदर प्रश्न प्रस्तुत संशोधनाच्या कक्षेबाहेरचा आहे."

परीक्षक म्हणाले, "उत्तम! संशोधकाला आपल्या अभ्यासाची मर्यादा माहीत असलीच पाहिजे." टाळ्या पडल्या. तिथंच जाहीर झालं की पदवी द्यावी अशी शिफारस करण्यात येत आहे. ती शिफारस मात्र लगेच लागू झाली, शाल-नारळासकट.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या ओसरीवर तो चड्डीत ताक प्यायला जायचा, तिथल्या बाईला त्यानं 'सदर प्रश्न' म्हटलं होतं. भिवराबाईही टाळ्या वाजवत होती. वाजवता वाजवता मला म्हणाली, "काय म्हनला रं त्यो?"

"गडबड चाललीय काकू. मागून सांगंल," मी म्हटलं.

जेवणं झाली. तिनं त्याला ओवाळलं. त्यानं वाकून पाया पडताना तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, हे मी पाहिलं.

परतीला तो आमच्यासोबतच टेम्पोत बसला. बबनराव त्याला पुढची जागा देत होते, पण तो मागं बायकांत जाऊन बसला. पुढं बसायचं तोंड नव्हतं असं मला वाटतं. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा सूर्य मावळतीला होता. भिवराबाई बाकड्यावर त्याच्या शेजारी सरकली.

"आता सांग. कुनाकडं केलीस?"

त्यानं कप बाकड्यावर ठेवला.

"कुनाकडंच न्हाई काकू. शिफारस पुस्तकात ल्ह्यायची असती."

"ल्ह्यलेलं वाचतं कोन?"

"लायब्ररीत असतं ते."

"मंग ते वाचून डेअरी सुरू करनारा कोन?"

"कुनीच न्हाई."

भिवराबाईनं बशीतला चहा संपवला. चिडली असती तर बरं झालं असतं, आम्हाला तिचं चिडणं सवयीचं होतं. ती नुसती म्हणाली, "आसं व्हतं तर आदी सांगायचं व्हतंस लेका. उचल घेतली असती मी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तरेश्वर माझ्या दारात. डोळे सुजलेले. म्हणाला, "चल बीडला. दूध संघात जाऊ. मी करतो सुरू डेअरी."

गेलो. तिथले साहेब चांगले होते, उगाच कुणाला दोष द्यायचा नाही. त्यांनी खुर्ची दिली, डॉक्टर म्हणून हात मिळवला. उत्तरेश्वरनं प्रबंध टेबलावर ठेवला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. साहेबांनी तो आदरानं हातात घेतला, पान न उलटता बाजूला ठेवला आणि विचारलं, "दूध किती जमेल रोजचं? खात्रीचं सांगा."

उत्तरेश्वर म्हणाला, "दुष्काळपूर्व काळातली सरासरी माझ्याकडं हाय."

"आजचं विचारतोय."

त्याचा हात प्रबंधाकडे गेला, पण साहेब पुढं विचारत होते.

"सचिव कोण राहील? फॅट कोण काढील? पहाटे शटर कोण उघडील? लोक पुन्हा दूध घालतील, का गवळ्याकडेच देतील? जुन्या सभासदांशी बसून बोललात का?"

तो प्रत्येक प्रश्नाला मान खाली घालत गेला. साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "अहो, तुम्ही डॉक्टरेट केलीये यात. तुमच्याइतकी माहिती कुणाला असणार? सचिव तुम्हीच व्हा की. चार माणसं गोळा करा, संचालक मंडळ उभं करा, या."

बाहेर येऊन तो टेम्पोच्या चाकापाशी उकिडवा बसला. कोट अंगावर तसाच.

"राम्हरी, मी एक दिवस बी सकाळी कुठल्या चालू डेअरीत गेलो न्हाई रे," तो म्हणाला. "दूध घालताना मानसं काय बोलत्यात ते म्या ऐकलंच न्हाई. दुपारी जायचो. टिक मारायला दुपार बरी पडती."

"मंग एवढी सालं शिकवलं काय तुला?"

"संदर्भ कसा द्यायचा ते शिकवलं. जे येत न्हाई त्याला कक्षेबाहेर म्हनायचं, ते शिकवलं. चार मानसं गोळा कशी करायची ते कुनी इचारलं बी न्हाई." मग म्हणाला, "अन् मला बी कंदी वाटलं न्हाई की आपल्याला येत न्हाई. ह्याची लाज वाटती."

त्यानं प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. बबनरावांकडे गेला, पारावर बैठक बोलावली. माणसं आली. त्यानं सहकाराची तत्त्वं सांगितली. माणसं ऐकून घरी गेली. पहिलं दूध कोण घालणार ह्यावर कुणी बोललं नाही आणि ते कसं बोलवून घ्यायचं हे त्याला समजलं नाही. मलाही समजलं नाही, पण माझ्या नावामागं काही लागलेलं नव्हतं.

दसरा झाला. ट्रक भरून टोळ्या निघाल्या. भिवराबाईनं मुकादमाच्या घरी हेलपाटे घातले, पण त्याची टोळी भरली होती. शेवटी दुसऱ्या एका मुकादमानं कर्नाटकातल्या कारखान्यासाठी घेतलं, तेही काकाच्या कंबरेकडे बघून तोंड वाकडं करत. निघायच्या दिवशी सकाळी ती गाईचं दावं हातात घेऊन उत्तरेश्वरच्या अंगणात आली. त्याच्या दारावर 'डॉ.' लिहिलेली नवी पाटी लागली होती, त्याच्या बापानं हौसेनं बनवून आणलेली. पाटीखालच्या खुंट्याला तिनं गाय बांधली.

"ऊसात न्हेता येत न्हाई हिला. सासूच्यानं आता हिचं करनं व्हत न्हाई. इकायला मन व्हईना. संबाळ," ती म्हणाली. "डेअरी सुरू झाली की दूध घालत जा."

टोमणा होता की विश्वास, हे मला आजही ठरवता येत नाही. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. उत्तरेश्वर 'हो' म्हणाला आणि घरात निघून गेला.

त्या उन्हाळ्यापर्यंत त्यानं काय काय केलं ते गावानं पाहिलं. महाविद्यालयांत मुलाखती दिल्या, पाटी कोरी. एका ठिकाणी तासिका तत्त्वावर घेतलं आणि दिवाळीनंतर नको म्हणाले. चारा संपला तेव्हा तो गाय घेऊन जनावरांच्या चारा छावणीत जाऊन राहिला, बाकीच्या शेतकऱ्यांसारखा पालाखाली. धार काढायला त्याच्या आईनं शिकवलं. दूध मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पोचवायचो आणि पैसे भिवराबाईच्या म्हाताऱ्या सासूकडे द्यायचो. डेअरीचं शटर काही उघडलं नाही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत आल्या. मी छावणीत कडबा उतरवत होतो तेव्हा भिवराबाई थेट ट्रकवरून उतरून तिथंच आली. काळी पडली होती, एक हात फडक्यानं बांधलेला. काका आला नव्हता. त्याला घरी उचलून न्यावं लागलं, असं मागून कळलं.

तिनं आधी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग उत्तरेश्वरकडे बघितलं.

"डेअरी?"

मला वाटलं आता तो काहीतरी लांबलचक बोलेल. दुष्काळ, सरासरी, शासनाचं धोरण. त्यानं शेणानं भरलेले हात मागं घेतले.

"न्हाई झाली काकू. मला न्हाई जमलं."

तिनं गाईला गळ्याखाली खाजवलं. दावं सोडलं, हाताला गुंडाळलं. निघता निघता वळली आणि अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, "तू शिकलेला हायस. मुकादम श्रावनात पुन्यांदा यील. काय सांगू त्याला?"

उत्तरेश्वरनं मान वर केली नाही.

"घ्या उचल," तो म्हणाला.

श्रावणात मुकादम आला तेव्हा तिनं उचल घेतली. काका उठू शकत नव्हता, म्हणून अर्ध्या कोयत्यावर एकटीच गेली. डॉक्टर उत्तरेश्वरची आजवर एवढी एकच शिफारस अमलात आली आहे.